श्वानसंगती आणि पायी चालणे

कुत्रा राखण करतो, चोराची चाहूल देतो, शिकारीस उपयोगी पडतो आणि धन्याशी इमान राखतो, हे आपण प्राथमिक शाळेतील निबंधांपासून लिहीत आलो आहोत. त्याचा आणखी एक उपयोग त्या निबंधांत सहसा येत नाही. आणि आजच्या काळात तो राखणीहूनही अधिक मोलाचा ठरावा असे वाटते. कुत्रा आपल्या धन्याला रोज घराबाहेर काढतो आणि चालावयास लावतो. या साध्या गोष्टीकडे अलीकडे वैद्यांचे व संशोधकांचे लक्ष वेधले आहे. तिची थोडी ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांस करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आपल्या चिकोडी-निपाणी भागात एके काळी व्यायाम हा शब्द तालमीपुरताच होता. बाकीच्यांना त्याची गरज नव्हती. शेतकरी बांधाबांधाने फिरत असे, आठवड्याच्या बाजाराला माणसे कोसकोस पायी जात, बायका आडाचे पाणी शेंदून डोक्यावरून आणीत. आज शेतापर्यंत मोटारसायकल जाते, पाणी नळाने घरात येते आणि कचेरीतील कारकून सकाळी जो खुर्चीवर बसतो तो सायंकाळीच उठतो. निपाणीच्या तंबाखूवर ज्यांचा संसार चालत आला त्या विड्या वळणाऱ्या भगिनींचे तर कामच मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, तासन्‌तास एका जागी बसण्याचे. हात अखंड चालतात. पाय मात्र आखडून जातात. जो शरीराने राबतो तो आपोआप निरोगी राहतो, ही समजूत येथे लागू पडत नाही.

पूर्वी सुटलेले पोट हे खात्यापित्या घरचे लक्षण मानले जात असे. आता त्याची दुसरी बाजू दिसू लागली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशातील प्रौढांपैकी शेकडा 11.4 जणांना मधुमेह आहे. म्हणजे सुमारे दहा कोटी माणसे. या व्याधीला आनुवंशिकता कारण आहे, आहार कारण आहे. पण बैठे जीवन आणि पोटाभोवती साठणारी चरबी ही तिची मोठी कारणे होत. आपल्या ओळखीच्या प्रत्येक आळीत साखरेची गोळी घेणारा कोणी ना कोणी असतोच.

चालण्याने काय होते, याचा थोडा हिशेब करून पाहू. साठ किलो वजनाचा मनुष्य ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालला, तर त्याच्या शरीरात सुमारे दोनशे उष्मांक खर्च होतात. तोच मनुष्य तासभर स्वस्थ बसून राहिला असता तरी साठेक उष्मांक खर्च झालेच असते. म्हणजे चालण्याचा निव्वळ खर्च दीडशेच्या आसपास. हे फार नव्हे. एक चांगली मूठ भरून शेंगदाणे खाल्ले की तेवढे उष्मांक पुन्हा पोटात येतात. उलट, शरीरातील एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक साठविलेले असतात. तेव्हा आहार न वाढविता रोज तासभर चालणाऱ्यास एक किलो चरबी झिजवावयास, कागदावरच्या हिशेबाने, पन्नासएक दिवस लागतात. प्रत्यक्षात त्याहून अधिकच लागतात, कारण चालण्याने भूक वाढते आणि वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही उतरतो.

हा हिशेब वाचून कोणी निराश होऊ नये. चालण्याचे लाभ तराजूवर दिसतात त्याहून पुष्कळ अधिक आहेत. चालू लागलेला स्नायू रक्तातील साखर आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे जेवणानंतर थोडे चालणाऱ्याची साखर बसून राहणाऱ्याइतकी चढत नाही. रक्तदाब उतरतो, झोप चांगली लागते, सांधे मोकळे राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यातून किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे आणि शाळकरी मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटांचा. झपाझप चालणे हा मध्यम व्यायामच होय. मात्र तो पन्नास दिवस, शंभर दिवस, वर्षानुवर्षे चालू राहिला पाहिजे. आणि नेमके येथेच आपले घोडे अडते. संक्रांतीच्या सुमारास नवी पादत्राणे घेऊन उत्साहाने निघालेली मंडळी शिमग्यापर्यंत गळून पडतात. ज्ञान कमी पडते म्हणून हे होत नाही. चालणे हितकर आहे हे कोणास ठाऊक नाही? पहाटे उठवावयास कोणी नसते, हीच खरी अडचण.

कुत्रा ही अडचण दूर करतो. त्याला फिरण्याची वेळ एकदा कळली की तो घड्याळाहून पक्का. ठरल्या वेळी तो दाराशी जाऊन उभा राहतो, साखळी तोंडात धरून आणतो, कुंई कुंई करतो, पायात घोटाळतो. ‘आज कंटाळा आला’ ही सबब त्याच्यापाशी चालत नाही. माणूस स्वतःला दिलेले वचन सहज मोडतो, पण समोर उभ्या असलेल्या मुक्या जीवाला नाही म्हणणे त्याला जड जाते.

हे केवळ कुत्रे पाळणाऱ्यांचे कौतुक नव्हे. इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील 385 कुटुंबांची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कुत्रे पाळणाऱ्या प्रौढांनी व्यायामाची शिफारस केलेली मात्रा पूर्ण करण्याचा संभव इतरांच्या चौपट आढळला. यावर चतुर विद्यार्थी विचारील की, ज्यांना मुळातच चालण्याची आवड असते तेच कुत्रा पाळत असतील, तर श्रेय कुत्र्याला कसे द्यावे? शंका रास्त आहे, आणि अशा पाहणीने तिचे पूर्ण निरसन होत नाही. तथापि दुसरी एक पाहणी येथे उपयोगी पडते. इंग्लंडच्याच नॉर्फोक परगण्यातील तीन हजारांवर प्रौढ व वृद्ध माणसांच्या हालचालींची नोंद यंत्राने ठेवण्यात आली होती. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. थंडी-पावसाच्या अत्यंत वाईट दिवशी कुत्र्याला फिरविणारी माणसे जेवढी हालचाल करीत, तेवढी कुत्रा नसलेली माणसे स्वच्छ, उबदार दिवशीदेखील करीत नसत, असे तीत दिसून आले. आवड ही हवामानाबरोबर बदलते. कुत्र्याची गरज बदलत नाही. आषाढ-श्रावणात निपाणीकडे झड लागली की फिरणाऱ्यांचे तांडे कसे विरळ होतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस याचे मर्म चटकन्‌ कळेल.

आता वजनाविषयी. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डॉ. रॉबर्ट कुशनर व त्यांचे सहकारी यांनी वर्षभर एक प्रयोग करून तो 2006 मध्ये प्रसिद्ध केला. एका गटात स्थूल माणसे आपल्या स्थूल कुत्र्यांसह होती. दुसऱ्या गटात नुसती माणसे. दोन्ही गटांना आहाराचे व व्यायामाचे मार्गदर्शन सारखेच होते. वर्षाअखेर दोन्ही गटांतील माणसांचे वजन सरासरीने शेकडा पाचच्या आसपास उतरले. म्हणजे कुत्रा बाळगल्याने चरबी काही अधिक वितळली नाही! हा निष्कर्ष झाकून ठेवण्याचे कारण नाही. कुत्र्याचा महिमा गाणारे लोक तो गाळून पुढे जातात, हे बरे नव्हे. पण त्याच प्रयोगात असेही दिसले की, कुत्रेवाल्यांच्या एकूण व्यायामापैकी दोनतृतीयांश व्यायाम कुत्र्याच्या संगतीने झाला होता. जेथे डॉक्टरांचे नित्य मार्गदर्शन आहे तेथे कुत्र्यावाचूनही चालेल. जेथे ते नाही, आणि ते बहुतेक घरी नसतेच, तेथे पाठपुरावा करणारा कोणी हवा. ते काम कुत्रा बिनपगारी करतो.

पायी चालणाऱ्याचा सोबती म्हणून कुत्र्याची आपल्या मनात जुनी जागा आहे. पांडवांच्या महाप्रस्थानात द्रौपदी व चौघे भाऊ एकामागून एक वाटेत कोसळले. युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चालत राहिला तो कुत्राच. नरसोबाच्या वाडीला जाणारे आपले भाविक घरी दत्ताची तसबीर लावतात, तीत भ्रमण करणाऱ्या त्या दैवताच्या पायांशी चार कुत्री असतात. पुराणे बाजूस ठेवली तरी आपल्या शिवारात मेंढरे बसविण्यासाठी येणारे धनगर आपण पाहतोच. पुढे कळप, मागे खांद्यावर घोंगडे टाकलेला धनगर आणि कडेने धावणारी कुत्री. हा मनुष्य काटक असतो. त्याने व्यायामाचे नावही घेतलेले नसते. रात्री लांडग्यापासून कळप राखणारी आणि दिवसा मैलोगणती चालणारी ती कुत्रीही अंगाने सडसडीत असतात.

कुत्र्यांची एक नामांकित जात तर आपल्या शेजारचीच आहे. चिकोडीच्या पूर्वेस, घटप्रभेच्या खोऱ्यात मुधोळ हे गाव आहे. तेथील घोरपडे घराण्यातील राजे मालोजीराव यांनी आसपासच्या बेरड शिकाऱ्यांपाशी असलेली चपळ कुत्री हेरली, निवडून त्यांची पैदास केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला त्यांची जोडी भेट दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. आपल्याकडे त्याला कारवानी म्हणतात. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि उंच बारीक पाय. सारा देह धावण्यासाठी घडविलेला. 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याचे चित्र असलेले तिकीट काढले, आणि 2016 मध्ये आपल्या सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात या जातीची पिल्ले शिक्षणासाठी नेण्यात आली.

अशा कुत्र्याला हौसेने विकत आणून बंगल्याच्या ओसरीत दोन हात साखळीने बांधून ठेवणारे धनी आपल्या भागात दिसतात. त्याच्या भुंकण्याचे त्यांना कौतुक वाटते. वस्तुतः ते पुष्कळ वेळा कोंडलेल्या प्राण्याचे रडणे असते. धनी आत झोपाळ्यावर, कुत्रा बाहेर साखळीवर, आणि दोघांचीही पोटे वाढत आहेत, असा तो संसार! उरलेली भाकरी, चहात बुडविलेली बिस्किटे, मुलांच्या हातची मिठाई यांनी कुत्राही स्थूल होतो आणि त्यालाही सांध्यांचे व मधुमेहाचे विकार जडतात. लॅब्रॅडॉर जातीच्या 48 कुत्र्यांवर अमेरिकेत झालेल्या दीर्घ प्रयोगात, एक चतुर्थांश कमी अन्न मिळालेली कुत्री आपल्या भावंडांहून पावणेदोन वर्षांहूनही अधिक जगली. हा निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. आपला कुत्रा जाड झाला आहे की नाही हे पाहण्यास तराजू नको. त्याच्या कुशीवरून हलका हात फिरवावा. बरगड्या बोटांना लागल्या तर ठीक, त्या शोधाव्या लागल्या तर त्याचे खाणे कमी करून चालणे वाढवावे.

फिरावयास नेताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून शरीर थंड करतो. म्हणून चैत्र-वैशाखात सूर्य वर येण्यापूर्वी किंवा मावळल्यानंतरच निघावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पाठ पाच-सात क्षण टेकवून पाहावी; आपल्याला चटका बसला तर त्याचे पंजेही भाजतील. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरून जातात, त्या दिवसांत मोठा रस्ता सोडून पाणंदीने जावे आणि साखळी हातची सुटू देऊ नये. लहान मुलाने मोठा कुत्रा एकट्याने नेऊ नये.

आणि लस. पाश्चरने 1885 मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर मानवाला प्रथम लस दिली. पण हा रोग एकदा प्रकट झाला की तो आजही जवळजवळ हमखास प्राणघातक आहे. पाळीव कुत्र्याला पिल्लूपणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे लस टोचून घ्यावी. वाटेत कोणतेही कुत्रे चावले वा त्याने ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखमेवर हळद, चुना किंवा मिरचीची पूड भरीत बसू नये.

कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो, आणि औषधाची बाटली परत करता येते तसा तो परत करता येत नाही. यास्तव वडिलांचे वजन कमी व्हावे म्हणून पिल्लू आणण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी एक करावे. आधी महिनाभर, कुत्र्यावाचूनच, रोज पहाटे ठरल्या वेळी घरातील कोण कोण उठून बाहेर पडते, याची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ठेवावी. वीस-बावीस दिवस तरी कोणी निघाले, तर पिल्लाला ते घर मानवेल. तेही भारी जातीचेच हवे असे नाही. आपल्या गल्लीत जन्मलेले गावठी पिल्लू या हवेला सरावलेले असते, त्याला किंमत पडत नाही आणि चालण्यात ते कोणत्याही विलायती कुत्र्यास हार जात नाही.