नार्वे : पैलतीरापासून सुरू होणारी सहल

जुन्या गोव्याला येणारे बहुतेक पर्यटक चर्च पाहून माघारी फिरतात. डिचोली तालुक्यातील नार्वे गाव तिथून फार दूर नाही, मध्ये मांडवी आणि दिवाडी बेट आहे एवढेच. सहल उलट्या बाजूने, नार्व्यातून सुरू करावी, असे मला मनापासून वाटते.

सकाळी लवकर सप्तकोटेश्वराच्या देवळात पोहोचावे. हा कदंब राजांचा कुलदेव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही त्याचे नाव कोरलेले आहे. मूळ देऊळ दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि भक्तांनी लिंग नदी ओलांडून इकडे आणले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धाराची आज्ञा दिली; नोव्हेंबर १६६८ चा शिलालेख दारावर आहे, तो वाचल्याशिवाय आत जाऊ नये. राज्य सरकारने केलेल्या दुरुस्तीनंतर २०२३ च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा खुले झाले. दीपस्तंभ, उतरती कौले आणि घुमट पाहत निवांत बसावे. गोकुळाष्टमीला इथे तीर्थस्नानासाठी मोठी गर्दी होते. त्या दिवशी भक्तिभाव दिसेल, पण शिलालेख वाचायला उसंत मिळणार नाही.

मग धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने जुने गोवे. तिथे सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक एकाकी कमान उभी आहे. विजापूरच्या आदिलशहाच्या वाड्याचा हा उरलेला दरवाजा. या घराण्याचा संस्थापक युसूफ आदिलशहा तुर्की सुलतानाचा मुलगा होता, असे जुना इतिहासकार फरिश्ता लिहितो. आजचे इतिहासकार त्यावर सहज विश्वास ठेवत नाहीत, तरी तुर्कांचा धागा मांडवीकाठी सापडतो तो इथेच. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने शहर घेतले आणि पुढे याच वाड्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय राहिले.

जेवणासाठी शाकाहारी खानावळीत खतखते आणि सोलकढी मागावी, नाश्त्याला पातळभाजी-पाव. आठवण म्हणून डिचोलीच्या बाजारातून मातीचे भांडे किंवा पितळी समई घ्यावी, आणि जत्रेचे दिवस असतील तर आल्याचा स्वाद असलेले खाजे. किनाऱ्यावरच्या दुकानांतील शंखशिंपल्यांपेक्षा या वस्तू गोव्याच्या अधिक जवळच्या आहेत.

परतीच्या फेरीची वेळ मात्र धक्क्यावर आधीच विचारून ठेवा.