ल माँ रेस: तंबूची जागा मिळाली, पण आत सोडतील का?

फ्रान्समधली 'ल माँ' कार रेस शनिवारी दुपारी सुरू होते आणि सलग २४ तास चालते. त्यामुळे हजारो प्रेक्षक १३.६२६ किलोमीटरच्या ट्रॅकभोवती तंबू ठोकून राहतात. बुकिंग करताना नवखे इथेच फसतात. कॅम्पसाइटचं तिकीट म्हणजे फक्त तंबू आणि गाडीपुरती आखलेली जागा. रेस पाहायचं प्रवेश तिकीट प्रत्येकाचं वेगळं. चार मित्रांनी मिळून एक जागा घेतली, तरी प्रवेशाची तिकिटं चारच लागतात!

रेस जूनमध्ये असली तरी मोक्याच्या जागा कित्येक महिने आधीच संपतात. 'मेझाँ ब्लांश' ट्रॅकला अगदी लागून. मिळाली तर मजाच, पण झोप विसरा. भारतातून जाणार असाल तर आधी जागा पक्की करा, विमानाचं तिकीट त्यानंतर.