यंदा कॅमेऱ्याच्या बॅगेत नवीन काय?



कोजागरीच्या रात्री आटीव दुधाची पातेली रिकामी झाली, अंताक्षरीत "ळ" वर भांडण झालं, आणि नेहमीप्रमाणे गच्चीच्या एका कोपऱ्यात आम्ही चार-पाच कॅमेरावाले जमलो. घरच्यांनी आमच्या या कोपऱ्याला "लेन्सवाल्यांची भिशी" असं नाव ठेवलंय, कारण तिथून कुणी ना कुणी नवीन खर्च ठरवूनच उठतं. यंदा मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: गेल्या वर्षभरात घेतलेली अशी कोणती वस्तू आहे, जी घेतल्याचा आनंद अजून टिकून आहे? अट अशी की नाव एकाच वस्तूचं सांगायचं, आणि ती महागच असली पाहिजे असं नाही.

मला वाटलं होतं, नव्या कॅमेऱ्यांची नावं ऐकायला मिळतील. उत्तरं मात्र वेगळीच आली. बारडोलीत किंवा इतरत्र आपल्यापैकी कुणी यंदा कॅमेऱ्यावर खर्च करायच्या बेतात असेल, तर उपयोग होईल म्हणून ती इथे मांडतोय. शेवटी माझंही उत्तर आहे. ते सांगायला मला थोडा वेळ लागला.

दोन कार्डांचा कॅमेरा

पहिलं उत्तर आमच्या नंदुरबारकडच्या दादांचं. ते गेली पंधरा वर्षं लग्नाचे फोटो काढतात. डिसेंबर-जानेवारीत अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंडहून लोक लग्नासाठी बारडोलीच्या आसपासच्या गावांत उतरतात, तेव्हा दादांना जेवायला फुरसत नसते. मागच्या मोसमात त्यांनी हळदीचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर ते रिकामं दिसलं. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेचसे फोटो परत आले, पण नवरीच्या आजीचे आले नाहीत. दादांनी हळदीचे पैसे परत केले. "पैशांचं काही नाही रे, पण लग्न काय परत लागतं का?" एवढंच ते म्हणाले.

त्यांची यंदाची आवडती खरेदी म्हणजे एक जुना, वापरलेला कॅमेरा. त्यात दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हीकडे लिहिला जातो. नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्याहून कमी किंमतीत त्यांना शांत झोप मिळाली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बॅकअपचा एक सोपा नियम सांगतात: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. घरच्या फोटोंनाही तो तसाच लागू आहे.

तांदळाची पिशवी

आमच्या डॉक्टरताई रविवारी पहाटे उठून उकाईच्या जलाशयाकडे नाहीतर सुरतच्या गवियर तलावावर पक्षी बघायला जातात. त्यांनी निकॉनची १८०-६०० मिमीची लेन्स घेतली, हे आम्हाला माहीत होतं. जवळजवळ दोन किलोची ती लेन्स हातात धरून अर्ध्या तासात खांदा बोलायला लागतो. त्यामुळे त्यांचं उत्तर लेन्स नव्हतंच. गावातल्या शिंप्याकडून जाड कापडाची दोन कप्प्यांची पिशवी शिवून घ्यायची, तीत तीन किलो तांदूळ भरायचे, ती गाडीच्या खिडकीवर टाकायची आणि लेन्स तिच्यावर ठेवायची. खर्च शिलाईचा, तांदूळ घरचे.

ऊसतोडणीनंतर शेतात ट्रॅक्टर फिरू लागला की त्याच्यामागे गायबगळ्यांची रांग लागते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ताईंनी गाडीतून न उतरता, त्या पिशवीवर लेन्स टेकवून काढलेला तसा एक फोटो यंदा मंडळाच्या कॅलेंडरवर आहे. गाडीतच बसलं की पक्षी उडत नाहीत, हे त्यांनी वर सांगितलेलं गुपित.

त्यांनी पावसाळ्यासाठीही एक गोष्ट सुचवली. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका दमटपणा असतो की कपाटातल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. लेन्स चामड्याच्या केसमध्ये मात्र ठेवायची नाही, कारण चामडं ओल धरून ठेवतं.

माइक, ड्रोन आणि कपाटातला कॅमेरा

फराळाचा व्यवसाय करणाऱ्या वहिनींनी कॉलरला लावायचा बिनतारी माइक घेतला. चकली तळतानाचे व्हिडिओ त्या फोनवरच काढतात. "चित्र जरा कमी असलं तरी लोक बघतात, आवाज नीट आला नाही की पुढे सरकतात," हा त्यांचा अनुभव.

इंजिनीअरिंगला असलेल्या एका मुलाने २५० ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन मिळवला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार या नॅनो गटाला पायलटचा परवाना लागत नाही. पण कुठे उडवायचं आणि कुठे नाही, हे सरकारच्या हिरव्या-पिवळ्या-लाल नकाशावर आधी बघावंच लागतं. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला "येताना एक ड्रोन आण" असं सांगू नका.

सगळ्यात स्वस्त खरेदी माझ्या अकरावीतल्या भाचीची. तिने आईच्या कपाटातून २००७-०८ सालचा छोटा डिजिटल कॅमेरा काढला आणि फक्त नवीन बॅटरी घेतली. जगभरची तरुण मुलं सध्या असे जुने कॅमेरे शोधत फिरताहेत. २०२४ मध्ये आलेल्या फुजीफिल्मच्या एक्स १०० सहा या छोट्या कॅमेऱ्यासाठी तर लोकांनी महिनोन् महिने वाट पाहिली. "मामा, फोनमध्ये सगळे सारखेच दिसतात," असं भाचीचं म्हणणं. मी प्रोसेसिंग अल्गोरिदम समजावून सांगू लागलो, तेव्हा ती दूध आणायला निघून गेली.

हे वेड जुनंच आहे

घरचे हसतात, पण कॅमेऱ्यापायी संसार पणाला लावण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी याच गुजरातेत होते. त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतलं आणि गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्या कॅमेऱ्याने त्यांनी आधी कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं करून टिपलं आणि ती छोटी फिल्म दाखवून पुढचं भांडवल उभं केलं. पैसे कमी पडले तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने दिले. फिल्मला भोकं पाडण्याचं कामही त्या करत. ३ मे १९१३ ला "राजा हरिश्चंद्र" पडद्यावर आला.

याच्या अगदी उलट गोष्ट कनू गांधींची. आपल्या इथल्या स्वराज आश्रमात गांधीजी मुक्कामाला येत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांचे जवळून काढलेले फोटो त्यांच्या या चुलतनातवाचे. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांत कनूभाईंचा रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मी पोझ देणार नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. एवढ्या अडचणींत जे काम झालं, ते आज आपल्यासमोर आहे.

आता माझं उत्तर

माझ्याकडे एक फुलफ्रेम कॅमेरा आणि तीन लेन्स आहेत. हप्ते नुकतेच संपलेत. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा हार घालायला फोटो शोधायची वेळ आली. माझ्या हार्ड डिस्कवर चौदा हजार फोटो होते. त्यात सुरतचे पूल होते, तापीवरचा सूर्यास्त होता, गणपतीच्या मिरवणुका होत्या. बाबांचा एकही धड फोटो नव्हता. शेवटी मावसभावाच्या लग्नातल्या एका ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून घेतला. आजही त्या फ्रेममध्ये डाव्या बाजूला कुणाच्या तरी शेरवानीचा खांदा दिसतो. आई त्याबद्दल कधी काही बोलली नाही.

बाबा नवापूरहून इथल्या साखर कारखान्यात फिटर म्हणून आले. पहिल्या बोनसमधून त्यांनी आगफा क्लिक-३ घेतला. हा कॅमेरा तेव्हा आपल्याकडेच, बडोद्याला तयार व्हायचा. १२० चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. ऊन किंवा ढग, एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. यंदा वर्षश्राद्धाच्या आधी माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्याचे नऊ रोल सापडले. झाकण उघडलं तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. जुन्या फिल्मचं प्लास्टिक उष्णतेने आणि ओलीने कुजू लागलं की हा वास येतो. एकदा कुजायला लागलेली फिल्म परत नीट होत नाही. जे वाचवायचं ते लगेच वाचवायला हवं होतं.

मी साठ-सत्तर हजारांची मॅक्रो लेन्स बघून ठेवली होती. मग कागदावर हिशेब केला. १२० च्या चौकोनी निगेटिव्हची फ्रेम साधारण ५६ मिमीची, आणि माझ्या सेन्सरची उंची २४ मिमी. म्हणजे निगेटिव्ह सेन्सरवर अर्ध्याहूनही लहान आकारात उमटवायची आहे, त्यासाठी एकास एक मॅक्रो लागतच नाही. घरातल्या ५० मिमीच्या लेन्समागे लावायला एक्स्टेन्शन ट्यूब घेतल्या. त्या म्हणजे आत काच नसलेल्या पोकळ नळ्या. खालून प्रकाश द्यायला एक चांगला एलईडी पॅनल घेतला. सगळं मिळून सहा हजारांच्या आत बसलं.

कुणाला करायचं असेल तर पद्धत सांगतो. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून लावा. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवून कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मध्यभागी आलं, तर कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर आहेत. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर, खोलीत अंधार. निगेटिव्ह कडेला धरा, सुती मोजे घाला. चिकटलेल्या असतील तर ओढून सोडवू नका, आणि वास येणाऱ्या चांगल्यांपासून लांब ठेवा, नाहीतर त्याही लवकर खराब होतात.

एकशे आठपैकी सत्त्याहत्तर फोटो निघाले. बाकीचे एकमेकांना चिकटलेत. ते मी वेगळे ठेवलेत, अजून हात लावलेला नाही. आई रोज रात्री जेवणं झाली की माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची. स्क्रीनवर काळ्याचं पांढरं झालं की नावं सांगायची. ताईचं बारसं, कारखान्याचं क्वार्टर, मिंढोळा नदीला आलेलं पाणी, नवापूरची आजी. सगळे होते. बाबा मात्र एकाही फोटोत नव्हते.

"तुझ्या हातात कधी दिला नाही का कॅमेरा?" मी विचारलं.

"छे! रोल वाया जाईल म्हणायचे," आई म्हणाली.

सातव्या रोलमध्ये स्वराज आश्रमाच्या फाटकासमोर आई उभी आहे. कडेवर ताई आहे, आणि दोघींनी उन्हाने डोळे बारीक केलेत. त्या कॅमेऱ्याने फोटो काढताना सूर्य पाठीशी घ्यावा लागे. त्यामुळे आईच्या पायांपर्यंत एक लांब सावली पडली आहे, दोन्ही कोपरं बाहेर काढून डोळ्याला कॅमेरा लावलेल्या माणसाची. आईने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काय, हे आहेत ना!"

मग शोधून पाहिलं. अशी सावली सहा फोटोंत आहे. आश्रमासमोरच्या फोटोची मोठी प्रत सुरतच्या एका लॅबमधून काढून आणली. ती आता हॉलमध्ये आहे. शेरवानीचा खांदा असलेला फोटो देवघरापाशी आहे तिथेच आहे.

तर माझी यंदाची आवडती खरेदी कोणती? ट्यूब आणि पॅनल म्हणायला हवं. पण ते काम संपल्यावर मी आणखी एक वस्तू घेतली, साडेतीनशे रुपयांचा ब्लूटूथ रिमोट. दिवाळीत कॅमेरा स्टँडवर लावला, लेकीला आणि बायकोला जवळ घेतलं, आईला मध्ये बसवलं आणि बटण दाबलं. फोटो थोडा वाकडा आलाय, लेकीने जीभ बाहेर काढलीय. पण मी त्यात आहे, आणि चेहऱ्यासकट आहे.

मंडळी, घरात फोटो काढणारी व्यक्ती कोण आहे ते आठवा आणि या आठवड्यात तिच्या हातातून कॅमेरा घ्या. तुमची यंदाची आवडती खरेदी काय होती, तेही संपादकांना जरूर कळवा. आणि माळ्यावर पत्र्याचा डबा असेल, तर पुढच्या पावसाळ्याच्या आत तो उघडा. ट्यूब आणि पॅनल माझ्याकडे आहेत, मंडळातल्या कुणालाही आनंदाने देईन.