नोंदीतलं नाव

फौजी नवरा गेला की बाईचं पेन्शन आपोआप सुरू होतं, असा आमच्या मुरूड-श्रीवर्धनकडे समज आहे. तसं होत नाही. आधी नाव जुळावं लागतं. आमच्याकडे निकाहनाम्यात ‘बी’, रेशनकार्डावर ‘बानू’, आधारवर तिसरंच काही. मी कवी, मला ही सगळी नावं गोड वाटतात. अभिलेख कार्यालयाला नाही. जवानाने लग्नाची नोंद करताना दिलेलं नाव तिथे धरलं जातं. फरक निघाला की प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे. म्हणून तो सुटीवर घरी असतानाच नोंद पाहून घ्यावी.

रक्कम मृत्यूच्या कारणावर ठरते. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, सेवेत असताना मृत्यू आला तर पहिली १० वर्षं ५० टक्के. मृत्यू सेवेमुळे झाला असं ठरलं तर ६० टक्के, लढाईत आला तर पूर्ण वेतनाइतकं. कागदावर कारण काय लिहिलंय ते वाचलंच पाहिजे.

वीरपत्नीने दुसरं लग्न केलं तर शौर्यपदकाचा भत्ता बंद, दिराशी केलं तरच चालू, ही अट २०१७पर्यंत होती, बरं का!

अर्जासाठी अलिबागचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून येतं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात.