छऱ्याच्या बंदुकीला कोणतं वंगण?

अंगारकी चतुर्थीला जालना जिल्ह्यातल्या राजूरच्या गणपतीला माणसांचा लोंढा लागतो. मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही जत्रेत फुगे लावलेला फळा आणि त्याच्यासमोर छऱ्याची बंदूक हमखास दिसते. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी मिटवायची आणि नेम धरून चाप ओढायचा. नेमबाजी शिकू लागलेल्या शाळकरी मुलांच्या हातीही बहुतेक वेळा पहिल्यांदा याच बनावटीची रायफल येते. वापर वेगळा असला तरी तक्रारी त्याच असतात. बंदूक झणझणते, मधूनच धूर सोडते, पूर्वीचा जोर राहिलेला नाही. मग घरात हाताला लागेल ते आत जातं : खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, ट्रॅक्टरचं ग्रीस. खरा बिघाड पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

या बंदुकीत दारू नसते की हवेची टाकी नसते. नळी मोडताना पिस्टन मागे ढकलला जातो आणि त्याच्यामागची जाड स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन वेगाने पुढे येतो, त्याच्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाते आणि बारीक छिद्रातून छऱ्यामागे घुसते. पिस्टनच्या तोंडाशी चामड्याचं किंवा सिंथेटिक वायसर असतं. वायसरच्या पुढे फक्त हवा, मागे स्प्रिंग आणि लोखंडावर लोखंडाचं घासणं. वंगणाचा सगळा विचार या सीमारेषेपासून सुरू होतो.

ट्रॅक्टरच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो, हे जालन्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. हवा जोरात दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. छऱ्याच्या बंदुकीतही हवा क्षणभर काही शे अंशांपर्यंत तापते. वायसरपुढे तेल साचलेलं असेल तर ते पेटतं. निळसर धूर, जळका वास आणि नेहमीपेक्षा मोठा आवाज ही त्याची लक्षणं. इंग्लंडमधल्या कार्ड्यू आडनावाच्या दोघा अभ्यासकांनी एका स्प्रिंगच्या रायफलीत हवेऐवजी नायट्रोजन भरून छर्रे झाडून पाहिले. नायट्रोजनमध्ये काही जळत नाही, आणि छऱ्याचा वेग चांगलाच घटला. म्हणजे एरवीही थोडंसं वंगण जळतच असतं. ते थोडं आहे तोवर चिंता नाही. तेलाचं प्रमाण वाढलं की मात्र जळण्याऐवजी स्फोट होतो, पिस्टन उलटा मागे फेकला जातो, वायसर करपतं आणि स्प्रिंग तुटू शकते.

म्हणून स्प्रिंगसाठी वंगण निवडताना पहिला प्रश्न असा : ते लावलं तिथेच राहील का? पातळ तेल राहत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरून पसरत वायसर ओलांडतं. गंज सोडवायला मिळणारे फवारे तर आणखी पातळ. ते अडकलेला नट सैल करायला उत्तम, पण स्प्रिंगवर मारले की असलेलं ग्रीसही धुऊन नेतात.

अशा जागी मॉली, म्हणजे मोलिब्डेनम डायसल्फाइड, सगळ्यात भरवशाचं ठरतं. या काळ्या भुकटीचे कण थराथरांचे असतात आणि एक थर दुसऱ्यावरून सहज घसरतो. दाब वाढून दोन लोखंडी पृष्ठभागांमधलं तेल बाहेर फेकलं गेलं तरी हे थर जागेवर टिकतात. स्प्रिंगची दोन्ही टोकं, पिस्टनची मागची कडा आणि नळी मोडताना पिस्टन मागे ढकलणाऱ्या दांडीचं टोक, ही त्याची हक्काची ठिकाणं. घट्ट मॉली पेस्टमध्ये या भुकटीचं प्रमाण निम्म्याहून जास्त असू शकतं. मोटारीच्या एक्सलच्या जॉइंटला लागणाऱ्या काळ्या ग्रीसमध्ये ते बरंच कमी, साधारण 3 टक्के असतं. स्पेअर पार्टच्या दुकानात हे ग्रीस सहज मिळतं आणि स्प्रिंगच्या वेढ्यांवर पातळ हात फिरवायला ते चालून जातं.

झणझणाट ही वेगळी गोष्ट आहे. स्प्रिंग ज्या दांड्यावर बसते तो गाइड सैल असला की पिस्टन थांबल्यावरही वेढे थरथरत राहतात. त्यावर परदेशात बोटाला तार धरणारं दाट, चिकट वंगण वापरतात. ते थरथर शोषून घेतं, पण स्प्रिंगचा थोडा वेगही खातं, आणि जास्त झालं तर बंदूक मंदावते. खरं सांगायचं तर हा दुखण्यावरचा लेप आहे. गाइड नीट बसवून घेणं हा इलाज.

आता घरगुती तेलांकडे वळायला हवं, कारण सगळ्यात जास्त नासाडी त्यांनीच होते. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. जालन्यात हिवाळी रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली जातो. अशा सकाळी स्प्रिंग गोठलेल्या खोबरेलातून सुटते आणि नेम खाली पडतो. करडईचं तेल त्याहून वाईट. मराठवाड्यातलं हे रब्बीचं जुनं तेलबी पीक खाण्यासाठी उत्तम, पण त्याचं तेल हवा लागून वाळतं आणि त्याचा चिवट, डिंकाळ थर बनतो. काही महिन्यांनी पिस्टन त्यातच रुतू लागतो. बियांपासून काढलेलं कोणतंही खाद्यतेल बंदुकीच्या आत जाऊ नये.

बाजारातलं स्वस्त चेसिस ग्रीस पुष्कळदा कॅल्शियमच्या साबणावर बनलेलं असतं आणि साधारण 100 अंशांच्या आसपास वितळतं. लिथियम ग्रीस 180 अंशांच्या पुढेही टिकून राहतं. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात ठेवलेलं लोखंड त्याहून तापतं. त्यामुळे फरक पडतो. लिथियममधलं 2 क्रमांकाचं घट्ट ग्रीस मागावं.

सिलिकॉन तेलाबद्दल मोठा गैरसमज आहे. ते सिंथेटिक वायसरसाठी चांगलं, कारण सहजासहजी पेटत नाही. पण लोखंडावर लोखंड दाबून घासतं तिथे ते तग धरत नाही. नुसतं सिलिकॉन लावलेली स्प्रिंग झिजते. जुन्या बंदुकीतलं चामड्याचं वायसर मात्र पूर्ण कोरडं पडू देऊ नये. त्याला बनवणाऱ्याने सांगितलेल्या तेलाचा एखादा थेंब अधूनमधून द्यावा आणि काही वेळ मुरू द्यावा.

मग किती लावायचं? बोटाने पुसून काढल्यावर उरेल इतकंच. वेढ्यांमध्ये ग्रीस भरून ठेवलं तर ते झटक्यासरशी पुढे उडतं. त्यात काळ्या मातीची धूळ किंवा जिनिंगच्या परिसरातला कापसाचा तूस अडकला की तेच ग्रीस घासकागदाचं काम करतं. नवं लावण्याआधी जुनं पूर्ण काढावं. रॉकेलने धुतलं तर सुटे भाग पूर्ण वाळेपर्यंत जोडू नयेत.

स्प्रिंग बाहेर काढणं हे घरगुती काम नव्हे. ती जोडलेली असतानाही दबावाखाली असते आणि मागचा बोल्ट निघताच उसळून चेहऱ्यावर येऊ शकते. त्यासाठी स्प्रिंग दाबून धरणारा, पकड असलेला कॉम्प्रेसर आणि जाणता हात हवा.

काही जण नळीत मुद्दाम तेल सोडून जोर वाढवतात, आणि ते धोक्याचं आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्युलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. तेल पेटवून मिळवलेला जोर या हिशेबात धरलेला नसतो. तो स्प्रिंग तोडतो आणि छऱ्याचा वेग दर वेळी बदलत असल्याने नेमही बिघडवतो. बंदूक हातात आली म्हणून पाखरांवर धरणं हा तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. वंगण बदलल्यावर पहिले काही छर्रे मातीच्या बांधासमोर ठेवलेल्या लाकडी फळीवर झाडावेत. धूर थांबत नसेल तर आणखी न झाडता बंदूक जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्यावी.