दोन चाकांची शाळा

मुलांनो, सायकल तुम्ही सर्वांनीच पाहिली आहे. तुमच्यापैकी कित्येक जण ती चालवीतही असतील. परंतु तिच्याविषयी एक गोष्ट कधी तुमच्या ध्यानात आली आहे काय? बैलगाडी, मोटार, आगगाडी ही वाहने थांबली तरी आपल्या चाकांवर स्थिर उभी राहतात. सायकल मात्र थांबली, की आडवी होऊ लागते. तिला उभे राहण्यासाठी चालावेच लागते, आणि ती चालते तीदेखील तिच्यावर बसणाऱ्याच्याच पायांच्या बळावर. या साध्या यंत्राने मला पन्नासाहून अधिक वर्षे सोबत केली आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकविले. पण काही धडे मी स्वतः या दोन चाकांच्या शाळेत शिकलो. तेच आज तुम्हांला सांगावयाचे आहेत.

माझे घर पोलादपूरच्या परिसरात आहे. रायगड जिल्ह्याच्या या भागात सपाट जमीन थोडी आणि डोंगर फार. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी येथूनच पुढे महाडकडे वाहत जाते. पोलादपुराहून महाबळेश्वरास जाणारा जो रस्ता सह्याद्री चढून वर जातो, त्यास आंबेनळी घाट म्हणतात. इंग्रजी अमदानीत त्यालाच फिट्झगेराल्ड घाट असे नाव होते. वाटेत एक फाटा प्रतापगडाकडे जातो. पोलादपूर सखल खोऱ्यात वसलेले आहे, तर महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. दोहोंमधील रस्ता सुमारे ४० किलोमीटरांचा. अशा डोंगराळ मुलखात सायकलीचे काय काम, असे कोणी विचारील. लहानपणी मलाही तसेच वाटे.

मी सायकल शिकलो ती तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर. त्या काळी मुलांसाठी लहान सायकली आमच्या गावी नव्हत्या. मोठ्या माणसांच्या उंच सायकलीवर सीटपर्यंत पाय कोठून पोहोचणार? म्हणून आम्ही मधल्या दांडीच्या खालून एक पाय पलीकडे घालीत असू आणि अंग वाकडे करून अर्धे अर्धे पायडल मारीत असू. गुडघे फुटत, कोपरे सोलवटत. पण तास संपून गेल्याचे दुःख त्याहून मोठे असे.

पहिला धडा मला तेथेच मिळाला. सायकल उजवीकडे कलली, की मी घाबरून हँडल डावीकडे ओढी आणि हमखास आपटे. दुकानाचे मालक ओट्यावरून हे पाहत होते. ते म्हणाले, “अरे, ज्या बाजूला पडतोस त्याच बाजूला हँडल वळव.” मला हे बोलणे अगदीच उफराटे वाटले, पण करून पाहिले आणि सायकल सावरली. याचे कारण सोपे आहे. कलत्या बाजूला हँडल वळविले, की चाके आपल्या तोलाखाली पुन्हा येतात. काठी तळहातावर उभी धरताना ती जिकडे झुकते तिकडेच आपण हात नेतो, तसेच हे आहे. पुढे हे वळविणे इतके अंगवळणी पडते, की आपण ते करीत आहो याची जाणीवही राहत नाही. ज्याची भीती वाटते त्याला पाठ दाखविण्यापेक्षा त्याच्याकडे तोंड वळवावे, हे मला अंकगणितातील एका अवघड प्रकरणाच्या वेळी प्रथम कळले. पण त्याचा सराव सायकलीवर आधीच झाला होता.

हे यंत्र एकाएकी जन्मास आलेले नाही. १८१७ साली कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थाने दोन चाकांची एक लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. बसणाऱ्याने जमिनीवर पाय मारीत ती पुढे रेटावयाची. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसविले गेले. पुढे इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची आणि मागचे चाक साखळीने फिरणारे अशी सायकल सिद्ध केली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर तयार केला आणि हाडे खिळखिळी करणारा प्रवास सुखाचा झाला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाला, हे तुम्हांला ठाऊक असावे. ज्यांनी पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, त्यांचे पहिले पाऊल या दोन चाकांवरच पडले होते.

आता घाटाकडे वळू. सपाट रस्त्यावर चालताना जेवढे श्रम होतात, साधारण तेवढ्याच श्रमात सायकलस्वार सुमारे तिप्पट अंतर जातो. पण चढ लागला, की परिस्थिती बदलते. आता नुसते पुढे जावयाचे नसते. आपले आणि सायकलीचे सारे वजन वर उचलावयाचे असते. उंची चढण्याचे हे काम कोणतेही यंत्र कमी करू शकत नाही. मग घाट चढता येतो तो कसा?

त्याचे उत्तर रस्त्याच्या वळणांत आहे. पोलादपूर ते महाबळेश्वर हे सुमारे १३०० मीटरांचे चढणे रस्त्याने ४० किलोमीटरांवर वाटून दिले आहे. म्हणजे सरासरीने पाहता सुमारे ३० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर जावे लागते. काही ठिकाणी चढ याहून पुष्कळ खडा आहे, तर काही ठिकाणी सौम्य. पण हिशेब एवढाच. सरळ कड्यावर चढणे ज्याला अशक्य, त्याला नागमोडी वाटेने तीच उंची गाठता येते. गिअरच्या सायकलीतही हीच युक्ती असते. हलक्या गिअरमध्ये पाय अधिक वेळा फिरवावे लागतात, पण प्रत्येक वेळी जोर कमी लागतो. लहानपणी मला वाटे, की वळणे म्हणजे घाटाने घातलेला वळसा, उगाच लांबविलेली वाट. ती वळणे म्हणजे घाटाने आपल्यावर केलेली दया आहे, हे मला सायकलीवरून उमगले.

मोठ्या कामांचेही असेच असते. १९२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पूर्ण करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरांचा तो प्रवास! आकडा ऐकूनच छाती दडपते. पण त्यांना साडेचार वर्षांच्या आसपास काळ लागला, हे ध्यानात घेऊन भागाकार करा. दिवसाचे अंतर सरासरी ४४ किलोमीटर येते. म्हणजे पोलादपुराहून महाबळेश्वरास जाण्याइतके. मात्र ते रोज गेले.

चढ चढणे हीच खरी परीक्षा, असा माझा समज होता. एका सुट्टीच्या दिवशी मी मोठ्या हौसेने घाटाची काही वळणे चढून गेलो. वाटेत दोनदा उतरून सायकल हाताने ढकलावी लागली, याची मला फार लाज वाटली. ती भरून काढावी म्हणून परतताना मी सायकल उतारावर मोकळी सोडली. वारा कानांत घुमू लागला, मन उल्हसित झाले. इतक्यात वळण आले. मी ब्रेक दाबले. पण उशीर झाला होता. सुदैवाने मी दरीच्या बाजूला न जाता डोंगराकडच्या गटारात पडलो. हाताला जखम झाली आणि पुढचे चाक वाकडे झाले. ती सायकल खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालताना मला विचार करावयास पुष्कळ वेळ मिळाला.

सायकलीचा वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावून थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ब्रेकचे रबर रिमवर घासून वेगाची उष्णता करीत असते. लांब उतारानंतर रिम चांगलीच तापलेली असते. म्हणून वेग वळणावर आवरावयाचा नसतो, वळणाच्या आधी आवरावयाचा असतो. चढ आपले बळ पाहतो आणि उतार आपला संयम पाहतो. आंबेनळी घाटात तर ही गोष्ट विसरून चालतच नाही. २८ जुलै २०१८ रोजी येथे एक बस दरीत कोसळून ३० जणांना प्राण गमवावे लागले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा रस्ता ठिकठिकाणी खचला. तुम्ही मोठ्या माणसांच्या सोबतीवाचून घाटात सायकल नेऊ नये, आणि पावसाळ्यात तर मुळीच नेऊ नये. सायकलीचा आनंद घाटातच असतो असे नाही. तो घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावरही असतो. त्याचीच एक हकीकत सांगतो.

मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत दूरच्या एका वाडीवरून एक मुलगी येत असे. येण्यास सवा तास, जाण्यास सवा तास, अशी तिची रोजची पायपीट होती. मुलगी हुशार, पण सातवी झाल्यावर तिचे वडील मला भेटावयास आले. “गुरुजी,” ते म्हणाले, “पोरीला आता घरीच ठेवतो. निम्मा दिस वाटंतच जातो. घरचं काम कोण करणार?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांना उपदेश करून वाट काही जवळ येणार नव्हती. माझी एक जुनी सायकल पडवीत उभी होती. ती मी दुरुस्त करून घेतली आणि म्हणालो, “एक महिना थांबा. मग ठरवू.”

शाळा सुटल्यावर मैदानावर शिकवणी सुरू झाली. मी मागून कॅरिअर धरून धावे आणि ती पडे. मी जसा पडत असे, अगदी तशीच. हँडल उलट्या बाजूला ओढून! मी तिला दुकानाच्या मालकांचे ते वाक्य सांगितले. तिने संशयाने माझ्याकडे पाहिले. पण करून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात मी कॅरिअर सोडून दिले तरी ती पुढे जातच राहिली. मैदानाच्या टोकाशी वळून तिने पाहिले, तेव्हा मी फार मागे राहिलो होतो. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरलो नाही. कोणी दिलेल्या बक्षिसाने तसा आनंद होत नाही. तो आपल्या हातापायांनी मिळवावा लागतो.

एके दिवशी तिने खाली मान घालून सांगितले, “सर, टेकाडावर मला उतरावं लागतं.” मी म्हणालो, “अगं, मग उतरावं. सायकल हातात धरून चाललं तरी आपण पुढेच जातो ना?” हे सांगताना मला माझी लहानपणची लाज आठवली आणि हसू आले. त्यानंतर ती टेकाडाच्या पायथ्याशी उतरे. मग काही दिवसांनी निम्म्यावर. आणि दिवाळीनंतर ती उतरेनाशी झाली.

पुढच्या पावसाळ्यात एकदा ती वर्गात अर्धा तास उशिरा आली. अंग भिजलेले, श्वास चढलेला. उशीर का झाला, असे विचारताच तिने काही न बोलता दोन्ही तळवे पुढे केले. ते वंगणाने काळेभोर झाले होते. वाटेत साखळी उतरली होती आणि तिने ती स्वतः बसविली होती. मी तिला बसावयास सांगितले. त्या दिवशी त्या हातांनी तिने वहीवर काळे ठसे उमटविले, पण धडा पुरा लिहून घेतला.

ती दहावी उत्तीर्ण झाली. त्याहूनही मला समाधान याचे वाटले, की दुसऱ्या वर्षापासून त्याच वाडीवरच्या आणखी दोन मुली तिच्या मागोमाग सायकलीवर शाळेत येऊ लागल्या. त्यांना शिकविण्यासाठी मला धावावे लागले नाही. कॅरिअर तिने धरले होते.

हे एकाच वाडीपुरते नाही. बिहार राज्याने २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना दिसून आले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्यात आल्या. शाळा जागची हलली नाही, वाडीही हलली नाही. त्या दोहोंमधील अंतर मात्र आटले.

मुलांनो, तुमच्याकडे सायकल असेल तर तिची निगा राखा. निघण्यापूर्वी ब्रेक आणि हवा पाहा, साखळीला वेळच्या वेळी तेल द्या, पंक्चर काढावयास शिका. नसेल, तर कोणा मित्राची घेऊन शिका. आणि शिकलात, की दुसऱ्या कोणाचे तरी कॅरिअर धरा.

मी अजूनही रोज सकाळी सायकल घेऊन घाटाच्या दिशेने निघतो. पूर्वीइतके दूर जाणे आता होत नाही. चढ खडा लागला, की मी खाली उतरतो आणि सायकल हाताने धरून चालू लागतो. मला त्याची आता लाज वाटत नाही. वळणावर क्षणभर थांबून मी खालच्या खोऱ्याकडे पाहतो, दोन्ही ब्रेक दाबून पाहतो, आणि मग सावकाश घराकडे निघतो.