संगणकाचे पहिले विरजण

गेल्या पंधरवड्यात अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले. तिच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली गुण्यागोविंदाने नांदत होत्या. पण विंडोजला जागा अपुरी पडू लागली म्हणून तिने डिस्कवरील एक बिनकामाचे पार्टिशन काढून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केले तेव्हा काळ्या पडद्यावर दोन-तीन इंग्रजी ओळी तेवढ्या उमटल्या: असे पार्टिशन अस्तित्वात नाही, रेस्क्यू अवस्थेत जात आहे, आणि अखेरीस ‘ग्रब रेस्क्यू’ हे दोन शब्द व त्यांच्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. दुरुस्तीच्या दुकानात ते पाहताक्षणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा निकाल मिळाला. वर्षभराच्या प्रकल्पाचा सारा मजकूर त्याच डिस्कवर होता. ‘यंत्र मेले आहे काय, आणि मेले असेल तर ते माझ्याशी बोलते कसे?’ असा तिचा प्रश्न होता.

या प्रश्नाचा उत्तरार्ध मला फार मोलाचा वाटतो. पडद्यावर अक्षरे उमटली, याचा अर्थ त्या यंत्रात कोणती तरी आज्ञावली त्या क्षणी जागी होती आणि आपली अडचण सांगत होती. परंतु वीज बंद होताच संगणकाची कार्यकारी स्मृती पार पुसली जाते. मग दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या स्मृतीत ही पहिली आज्ञावली आली कोठून? डिस्कवरून आली म्हणावे, तर डिस्क वाचून तेथील आज्ञा स्मृतीत आणावयाच्या हे कामही कोणत्या तरी आज्ञावलीनेच करावे लागते. आणि तिला आणावयास पुन्हा तिसरी हवी. दही लावायचे तर विरजण हवे, आणि विरजण म्हणजे कालचेच दही. घरात ही परंपरा खंडित झाली तर वाटी घेऊन शेजारी जाता येते. संगणकाला मात्र ती सोय नाही. त्याचे भांडे रोज रात्री घासूनपुसून लख्ख होते आणि रोज सकाळी त्याला जगातले पहिले दही लावावयाचे असते. नट कितीही निष्णात झाला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही, असा दृष्टान्त आपल्या दर्शनकारांनी दिला आहे. इंग्रजी भाषेने त्याच अशक्याचे चित्र बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःस उचलणाऱ्या माणसाच्या रूपाने रंगविले. त्या पट्टीचे नाव ‘बूटस्ट्रॅप’, आणि आपण ज्याला ‘कॉम्प्युटर बूट झाला’ म्हणतो तो शब्द तिचाच संक्षेप.

हे पहिले विरजण ज्यांनी निगुतीने लावून दाखविले त्यांत एका नावाचा उच्चार आपल्याकडे क्वचितच होतो, आणि ते म्हणजे डेव्हिड व्हीलर. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी वर्गसंख्यांचे कोष्टक छापून आपली पहिली आज्ञावली तडीस नेली. त्या आज्ञावलीला यंत्रात वाट करून देणाऱ्या प्रारंभिक आज्ञा व्हीलर यांनी रचल्या होत्या. तेव्हा ते अवघ्या बावीस वर्षांचे संशोधक विद्यार्थी होते. आज्ञांची संख्या होती ३१. त्या कोठे साठवाव्यात हाच पेच होता, कारण यंत्राची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींची, म्हणजे वीज गेली की रिकामी होणारी. तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ग्राहकांचे फोन जोडून देण्यासाठी जे फिरते स्विच वापरीत, त्यांवर या आज्ञा तारांनी कायमच्या जखडून टाकण्यात आल्या. चालकाने कळ दाबली की स्विच फिरत, ३१ आज्ञा स्मृतीत उतरत, त्या कागदी फितीवरील छिद्रे वाचून खरी आज्ञावली आत घेत, आणि काम झाले की कारभार तिच्या हवाली करीत.

मला यातले सर्वांत सुंदर वाटते ते असे की, या इवल्याशा आज्ञावलीने निव्वळ हमाली केली नाही. फितीवर माणूस पत्ते लिहिणार दशमान पद्धतीने, यंत्राला समजणार द्विमान पद्धती. हे भाषांतरही त्या ३१ आज्ञा फीत वाचता वाचता करून टाकीत. त्याच वर्षी व्हीलर यांनी ४१ आज्ञांची दुसरी आवृत्ती सिद्ध केली, आणि तिच्यामुळे एकदा लिहिलेली उपआज्ञावली स्मृतीत कोठेही बसवून पुनःपुन्हा वापरणे सुकर झाले. आज लक्षावधी आज्ञांचे इमले ज्या तत्त्वावर उभे राहतात, त्याचा पाया येथे घातला गेला. संगणकशास्त्रातील जगातली पहिली डॉक्टरेट बहुधा व्हीलर यांचीच मानली जाते, ती १९५१ सालची. आणि सी प्लस प्लस या भाषेचे जनक ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप हे पुढे त्यांचेच विद्यार्थी. संगणकाचा इतिहास सांगताना आपण ट्यूरिंग आणि फॉन नॉयमन यांची नावे आदराने घेतो, ते योग्यच आहे. पण २००४ साली निवर्तलेल्या या माणसाच्या वाट्याला त्या इतिहासात एकच ओळ यावी, हा मला उघड अन्याय वाटतो.

कायमस्वरूपी प्रारंभिक आज्ञा नसतील तर काय होते, याचे उदाहरण १९७५ सालचे आहे. ऑल्टेअर या घरगुती संगणकासाठी तयार केलेली बेसिक भाषा दाखवावयास तिचे एक कर्ते पॉल ॲलन विमानाने त्या यंत्राच्या निर्मात्यांकडे अल्बुकर्कीला निघाले होते. आपण सारे घेतले, पण फितीवरून ते यंत्रात उतरविणारी प्रारंभिक आज्ञावलीच लिहिलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात आले ते विमानात. आणि विमान उतरण्यापूर्वी त्यांनी ती कागदावर लिहून काढली. मुक्कामी पोचल्यावर ती यंत्राच्या दर्शनी बाजूचे खटके एकेक वर-खाली करून आत भरावी लागली.

आजच्या यंत्रात हे पहिले विरजण फर्मवेअरच्या रूपाने एका चिपमध्ये कायमचे जपलेले असते. या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपसारख्या जुन्या धाटणीच्या यंत्रात फर्मवेअर अंगभूत भागांची तपासणी उरकते आणि डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे केवळ ५१२ बाइट, वाचून स्मृतीत ठेवते. त्यांतील शेवटचे दोन बाइट म्हणजे ओळखीचा शिक्का. त्याआधीच्या ६४ बाइटांत डिस्कच्या चार मुख्य पार्टिशनांची नोंदवही. आणि आज्ञांना उरतात ४४६. मराठी अक्षरचिन्ह संगणकात नित्याच्या पद्धतीने साठविले तर प्रत्येकी तीन बाइट घेते, म्हणजे एवढ्या जागेत आपली जेमतेम १४८ चिन्हे मावतील. या परिच्छेदातले पहिले वाक्य मावून वर जवळपास निम्मी जागा उरेल, पण त्या उरलेल्या जागेत दुसरे वाक्य मावणार नाही. एवढ्याशा जागेतून विंडोज वा लिनक्ससारखी अवाढव्य प्रणाली उठवावयाची, म्हणून काम टप्प्याटप्प्याने चालते.

कचेरीचे उदाहरण घेऊ. पहाटे कुलूप काढणाऱ्या शिपायाला मामलेदाराचा कारभार येत नाही, पण अव्वल कारकून कोठे राहतो ते त्याला ठाऊक असते, आणि तो जाऊन त्याला उठवितो. कारकुनाजवळ दफ्तरखान्याच्या खोलीचा क्रमांक टिपून ठेवलेला असतो. तो तेथून कागदपत्रे काढतो, दिवसाची यादी मांडतो, आणि मग साहेबांना पाचारण होते. ग्रब नावाच्या बूटलोडरची, म्हणजे प्रणाली उठविणाऱ्या आज्ञावलीची, व्यवस्था हुबेहूब अशी आहे. पहिल्या सेक्टरातील तुकडा म्हणजे शिपाई. त्याला डिस्कवरील एकच ठिकाण माहीत असते. तेथे, पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या पट्ट्यात, ग्रबचा गाभा असतो. तो अव्वल कारकून. लिनक्सच्या पार्टिशनमधील ‘बूट’ फोल्डरातले ‘ग्रब’ हे फोल्डर म्हणजे दफ्तरखाना, आणि लिनक्सचा कर्नेल म्हणजे साहेब.

आता त्या मुलीच्या डिस्कवर काय घडले ते पाहा. जुन्या पद्धतीत मुख्य चार नोंदींपलीकडची पार्टिशने पाचपासून ओळीने मोजली जातात. तिने पाचवे काढले, त्याबरोबर सहावे ते पाचवे झाले. लिनक्स जेथल्या तेथे, फायली जेथल्या तेथे. नगरपालिकेने घरांना नवे क्रमांक द्यावेत आणि पोस्टमनच्या हाती जुनी यादी राहावी, तसे झाले. शिपाई आला, कारकून उठला, सहाव्या क्रमांकाच्या खोलीपाशी गेला, तर तेथे खोलीच नाही. आणि तो जी तक्रार नोंदवून थांबला तीच पडद्यावरची ओळ. यंत्र बोलले ते या कारकुनाच्या मुखाने.

आपण कोठे अडलो हे सांगण्याची ही सचोटी बूटलोडरांच्या कुळातच आहे. ग्रबपूर्वी लिनक्ससाठी वेर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो प्रचलित होता. तो सुरू होताना आपल्या इंग्रजी नावातील चार अक्षरे एकेक करून उमटवी, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे पार पडलेल्या एकेका टप्प्याची पोच असे. काहीच उमटले नाही, तर लिलोचा कोणताही भाग स्मृतीत आला नाही, ‘एल’वर थांबले, तर पहिला टप्पा आला पण त्याला दुसरा आणता आला नाही, ‘एल आय’वर थांबले, तर दुसरा आणला पण तो चालू झाला नाही. शब्द जेथे तुटला तेथेच दोष. इतक्या कमी अक्षरांत इतके नेमके निदान मी दुसरे पाहिलेले नाही. ग्रबचा आरंभ १९९५ साली एरिक बोलिन यांनी केला. हर्ड नावाची प्रणाली सुरू करण्यासाठी त्यांना दुसऱ्या एका प्रणालीच्या बूटलोडरात फेरफार करावयाचे होते. ते करण्यापेक्षा नवा लिहिणे सोपे, हे ध्यानी आल्यावर त्यांनी तो लिहिला, आणि निसर्गातील बलांना एका सूत्रात ओवू पाहणाऱ्या भौतिकीतील महाएकीकरण सिद्धान्तावरून त्याला ‘ग्रँड युनिफाइड बूटलोडर’ हे नाव दिले. लिलोपाशी डिस्कवरील ठिकाणांची तयार यादी असे, फायलींची रचना त्याला कळत नसे. ग्रबला ती स्वतः वाचता येते, आणि आपल्या वाचकभगिनीच्या सुटकेचा मार्ग याच गुणातून निघाला.

रेस्क्यू अवस्थेत ग्रबला चारच आज्ञा कळतात, परंतु तेवढ्या पुरतात. जोडलेला पेन ड्राइव्ह प्रथम काढून यंत्र एकदा पुन्हा सुरू करून पाहावे, कारण त्याच्यामुळे कधी कधी डिस्कांचा क्रम बदलतो. तरीही तीच ओळ आली तर ‘एलएस’ ही दोन अक्षरे टंकावीत. ग्रब त्याला दिसणाऱ्या डिस्का आणि पार्टिशने कंसांत दाखवितो. येथे डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशन एकापासून, हे विसरू नये. मग एकेका कंसापुढे तिरकी रेघ देऊन ‘एलएस’ करीत जावे. ‘अज्ञात फाइल सिस्टिम’ असे उत्तर आले तर ती खोली आपली नव्हे. ‘बूट’, ‘होम’ अशी फोल्डरे दिसली की दफ्तरखाना सापडला. तिला तो पाचव्या क्रमांकावर सापडला. मग ‘सेट’ या आज्ञेने ‘प्रीफिक्स’ला त्या पार्टिशनमधील ग्रबच्या फोल्डराचा पूर्ण पत्ता द्यावा, ‘रूट’ला त्या पार्टिशनचे नाव द्यावे, ‘इनस्मॉड नॉर्मल’ लिहून मुख्य भाग स्मृतीत आणावा, आणि शेवटी केवळ ‘नॉर्मल’ असे लिहावे. तिने माझ्या उत्तराबरहुकूम हे केले, आणि नेहमीची यादी पडद्यावर परत आली.

येथे पुष्कळ जण काम संपले असे समजतात. वस्तुतः नवा पत्ता अजून स्मृतीतच असतो, आणि स्मृती रात्री पुसली जाणार आहे. म्हणून लिनक्स सुरू झाल्याबरोबर ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा त्या संपूर्ण डिस्कचे नाव देऊन चालवावी, म्हणजे कारकुनाच्या टिपणातच नवा क्रमांक नोंदला जातो. आणि उबुंटूसारख्या प्रणालीत ‘अपडेट-ग्रब’ चालवून यादीही ताजी करून घ्यावी. ‘एलएस’ला डिस्क मुळीच दिसली नाही, किंवा डिस्कमधून खटखट आवाज येऊ लागला, तर मात्र हे प्रयोग तत्काळ थांबवावेत, तो दोष पत्त्याचा नसून इमारतीचा आहे, आणि तेथे मजकूर वाचविणे हेच पहिले काम.

प्रत्येक अडलेल्या यंत्राला हाच उपाय लागू पडेल असेही नाही. नव्या यूईएफआय पद्धतीत पहिल्या सेक्टराऐवजी एका स्वतंत्र पार्टिशनमधील फाइल वाचली जाते, आणि बहुधा तिच्यावरील सहीसुद्धा पडताळली जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर दोन प्रणाली असलेल्या कित्येक संगणकांवर लिनक्स सुरू होईना. तेथे पडद्यावर सुरक्षा-धोरणाचा भंग झाल्याची ओळ येई आणि यंत्र बंद होई. तेथे पार्टिशने शोधीत बसून काहीही हाती लागले नसते. व्याधी निराळी होती, म्हणून पडद्यावरची ओळ निराळी होती.

वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे हे आहे. संगणक सुरू होताना अडला तर पडद्यावरचा मजकूर शब्दशः उतरवून घ्या किंवा त्याचे छायाचित्र काढा, आणि तो पाहून कारण सांगू शकेल अशा जाणत्याच्याच हाती यंत्र द्या. फॉरमॅट हा उपाय नव्हे. कारकुनाला खोली सापडेना म्हणून सारे दफ्तर जाळण्याचा तो प्रकार आहे. त्या विद्यार्थिनीच्या डिस्कवरील एकही फाइल हरवली नव्हती. चुकला होता तो एक आकडा: पाचाच्या जागी सहा.